बिनशब्दांची गिटार

सौदीतल्या खफजीच्या आमच्या कामगार कॅम्पात देवगडचा एक वेल्डर आहे. साठेक वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर लाटांवर स्वार होणाऱ्या पोरांसाठी ज्या पहिल्या बँडांनी नुसती गिटार वाजवली, त्यांचं ऐकून हा गिटार शिकला. त्या धुनांत गाणारा कुणी नसतो. "शब्द कुठायत?" असं विचारलं की म्हणतो, "लाट काय बोलान येता?"

कॅम्पच्या कार्यक्रमात सुपरवायझर ओरडला, "फिल्मी गाना बजाओ, नहीं तो खलास!" ह्याने नकारार्थी मान हलवली आणि आपलीच धून सुरू केली. सुपरवायझरने स्पीकरचा प्लग उपटला. हा स्टेजच्या कडेला बसला आणि मुक्या झालेल्या इलेक्ट्रिक गिटारच्या तारा आणखी जोरात छेडू लागला.

नीट ऐकू येईना, म्हणून आम्ही खुर्च्या उचलून त्याच्याभोवती जाऊन बसलो.