मानाच्या चढाया

ज्या खेळाडूला कुणी धरतच नाही, तिची ताकद तुम्ही कशी मोजाल?

प्रश्न कबड्डीचा आहे. मुलींच्या नव्या व्यावसायिक लीगसाठी खेळाडूंचा लिलाव होतो. लिलाव हा शब्द मला अजून टोचतो. आमच्याकडे कांद्याचा लिलाव होतो, जप्त केलेल्या ट्रॅक्टरचा होतो. माणसांचा व्हावा हे पटत नाही. पण शब्दावर रागावून घरी बसले असते तर आमच्या जिल्ह्यातल्या मुली बघायला कुणीच आलं नसतं. म्हणून एका संघाच्या निवडीचं काम पाहणाऱ्या सरांनी विचारलं तेव्हा मी हो म्हणाले. मी स्वतः गुडघा जाईपर्यंत खेळले होते, नंतर कबड्डीवर लिहू लागले. कुठल्या गावात कोण खेळतंय हे सांगायचं, सरांना तिथवर न्यायचं आणि शेजारी बसून माझं मत द्यायचं, एवढं काम. लिलावाच्या यादीत नाव घालायचं की नाही, हे सर ठरवणार.

सर जुने खेळाडू. डाव्या हाताची दोन बोटं कधीतरी मोडून वाकडीच जुळलेली. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, "गुण कुणीही मोजतं. चढाईला गेलेली पोर मोकळी असताना कशी पळते ते बघून मला काही कळत नाही. तिला धरल्यावर ती काय करते, ते मला बघायचंय." घोट्याला हात पडला की तिचं अंग कुठं झुकतं, दम टिकतो का, अंगावर तिघी पडल्या असताना तिचे डोळे मध्यरेषा शोधतात की जमीन, हे सगळं ते बघत. त्यांच्याबरोबर फिरून मीही तेच बघायला शिकले.

ज्या मुलीसाठी मी सरांना मुद्दाम श्रीगोंद्याकडे आणलं, ती आमच्या भागातली सगळ्यात चांगली चढाईपटू होती. हे मी प्रेमानं म्हणत नाही. मी तिला जिल्ह्याच्या शिबिरात पाहिलं होतं, दोघींच्या हातातून सुटून ती रेषेला टेकताना पाहिलं होतं. तिच्यासाठी ही चाचणी शेवटची होती. नव्या खेळाडूंच्या गटाची वयाची अट ती पुढच्या हंगामात ओलांडणार होती. सुप्याच्या एमआयडीसीत तिच्या दाजींनी पॅकिंगचं काम बघून ठेवलं होतं. घरच्यांनी सांगितलं होतं, नाव आलं तर खेळ, नाही आलं तर कामावर जा. त्यात कुणी दुष्ट नव्हतं. वडील स्वतः तिला मोटारसायकलवर सरावाला सोडत आले होते.

चाचणी तिच्याच गावात ठेवली होती, रस्त्याकडेच्या मंगल कार्यालयात, कारण तालुक्यात मॅट अंथरायला तेवढीच सपाट जागा होती. आदल्या लग्नाच्या नवरा-नवरीचा फ्लेक्स अजून दारावर होता. बाहेरून उसाच्या ट्रॉल्या जात होत्या. सकाळी जामखेड आणि राहुरीच्या मुलींचा सामना झाला, आणि तो चांगलाच चुरशीचा झाला. जामखेडची डाव्या कोपऱ्यात पकड करणारी मुलगी सरांच्या नजरेत भरली. बारकी, काळी, गप्प पोर. पण घोटा धरला की सोडायची नाही.

मग आमच्या मुलीचा सामना, जामखेडशीच.

आमच्या भागात यात्रेच्या सामन्यांत एक रीत आहे. यजमान गावाची पहिली चढाई मानाची असते. समोरचा संघ ती धरत नाही. खेळाडू जाते, कुणाच्या तरी हाताला हात लावते, टाळ्या पडतात, परत येते. मग खरा खेळ सुरू होतो. चाचणीत ही रीत पाळायचं काही कारण नव्हतं, पण तिची पहिली चढाई तशीच झाली. सर माझ्याकडे बघून हसले. "मान का?" मी मान हलवली.

दुसऱ्या चढाईत तिनं दोघींना बाद केलं. लोक उभे राहिले. तिसऱ्या चढाईत पुन्हा दोघी. ती वाऱ्यासारखी जात होती, येत होती, तिचा चेहरा फुलला होता. मागून कुणीतरी जामखेडच्या मुलींना ओरडलं, "ए पोरींनो, आमच्या लेकीला हात लावाल तर जेवायला मिळायचं न्हाई बरं का!" सगळे हसले. जामखेडच्या मुलीसुद्धा हसल्या.

सरांनी पाठ खुर्चीला टेकली. जरा वेळानं त्यांनी मोबाईल काढला.

"सर, बघा ना," मी म्हणाले.

"काय बघू? हात पोचतायत. बोटं मिटत नाहीत."

मग मलाही दिसलं. जामखेडच्या मुली झेप घेत होत्या, पण क्षणभर उशिरा. कोपऱ्यातल्या मुलीचा हात घोट्यापर्यंत जाई आणि तिथून घसरे. सकाळी हाच हात कुणालाच सोडत नव्हता.

मध्यंतर झालं. मी सरळ त्या कोपऱ्यातल्या मुलीकडे गेले. ती पाणी पीत होती.

"तू तिला सोडतेयस."

ती खाली बघत म्हणाली, "ताई, आमी समद्यांनी ठरिवलंय. तिचं वय चाललंय. आपल्या जिल्ह्यातली एक तरी जाऊ दे की."

"कुणी सांगितलं?"

तिनं माझ्या मागे पाहिलं. यजमान संघाचे प्रशिक्षक, ज्यांना सगळे तात्या म्हणत, मागेच उभे होते. तेच म्हणाले, "मी सांगितलं. पोरी गुनाच्या हायत, लगेच व्हय म्हनल्या. आज तिच्या समद्याच चढाया मानाच्या."

"तात्या, सर गुण मोजत नाहीत!"

"मंग काय मोजत्यात? सतरा पॉइंट केलेत तिनं. अजून काय करायचं पोरीनं, उडून दाखवायचं?"

"धरल्यावर ती काय करते ते बघायला आलेत ते."

तात्यांचा चेहरा उतरला. ते लबाड नव्हते. आयुष्यभर मातीच्या मैदानावर ज्याचे गुण जास्त तो मोठा, हेच त्यांनी पाहिलं होतं. "आधी सांगायचं न्हाई का गं बाई," एवढंच ते म्हणाले.

मी कारखान्याच्या गेटवर वाटायच्या युनियनच्या पत्रकांवर अक्षरं शिकले. ती आमच्या घरी घडी घालून ठेवलेली असत, आणि 'एकजूट' हा शब्द नाही असं एकही पान त्यांत नव्हतं. पुढं मी स्वतः तो शब्द कितीतरी पत्रकांत लिहिला. त्या दुपारी माझ्यासमोर तीच एकजूट उभी होती. दोन तालुक्यांच्या मुलींनी स्वतःचं नाव पुढं यायची संधी सोडून एकीला वर ढकलायचं ठरवलं होतं. आणि तेच तिला बुडवत होतं. मला कुणावर चिडावं ते कळेना.

आमचं बोलणं आमच्या चढाईपटूनं ऐकलं. ती कधी मागे येऊन उभी राहिली, कळलंच नाही. आधी तिला वाटलं मी चेष्टा करतेय. मग तिनं कोपऱ्यातल्या मुलीकडे पाहिलं. दोघी जिल्ह्याच्या शिबिरात एका खोलीत राहिलेल्या, एका ताटात जेवलेल्या.

"म्हंजे मगापास्नं मी एकटीच खेळतीय?"

"तुज्यासाठीच केलं गं."

"मला विचारलं हुतंस?"

कोपऱ्यातली मुलगी रडायला लागली. ही रडली नाही. तात्यांना म्हणाली, "तात्या, आता कुनी मला सोडलं तर मी चढाईच करनार न्हाई. मॅटवर बसून ऱ्हाईन."

उत्तरार्ध सुरू झाला. पण सैल झालेला हात सांगून आवळता येत नाही. पहिल्या काही चढायांत जामखेडच्या मुली गोंधळल्या होत्या. एकीनं धरलं आणि घाबरून सोडलं. प्रेक्षकांना कशाचाच पत्ता नव्हता. ते टाळ्या वाजवत होते आणि प्रत्येक टाळीबरोबर ती जास्त चिडत होती. शेवटी चढाई सुरू असतानाच तिनं 'कबड्डी, कबड्डी' म्हणायचं थांबवलं, मैत्रिणीसमोर उभी राहिली आणि ओरडली, "धर की गं मला! मेलीस का?"

दम तुटला म्हणून पंचांनी तिला बाद दिलं. टाळ्या थांबल्या.

ती परत आत आली तेव्हा वेळ संपत आली होती. ही शेवटची चढाई. ती डाव्या कोपऱ्याकडेच गेली. पाय पुढं टाकला आणि त्या मुलीनं घोटा धरला, सकाळी धरत होती तसा. दुसरी कमरेला आली, तिसरी वरून पडली. ती कोसळली, पण कोसळतानाही रेषेच्या बाजूला. तिचा आवाज तुटला नाही; मॅटला दाबलेल्या तोंडातून 'कबड्डी, कबड्डी' येत राहिलं. कोपरावर जोर देत तिघींना तिनं हातभर ओढलं, मग आणखी थोडं. सर उभे राहिले होते. तिची बोटं रेषेच्या अलीकडे थांबली, तिथंच दम संपला. शिट्टी वाजली.

"आत्ता कुठं दिसली," सर हळू म्हणाले.

मी आणखी एक डाव मागितला. पंच तयार होते, मुली तयार होत्या. पण चारला त्या सभागृहात हळद होती. पाटरांगोळीच्या बायका दारात थांबल्या होत्या, आणि मांडववाला मॅटचं एक टोक गुंडाळायला लागला होता. बाहेर मातीवर खेळवू म्हटलं तर सरांना अंधार पडायच्या आत पुढच्या जिल्ह्यात पोचायचं होतं.

गाडीपाशी मी भांडले. म्हणाले, "तुम्ही स्वतः पाहिलंत."

"एक चढाई पाहिली. तीही बाद झालेली. संघाचे मालक विचारतील, आणखी काय पाहिलंस? मी काय सांगू, गावाचं प्रेम पाहिलं?"

"हे अन्यायाचं आहे."

"आहे," ते म्हणाले. त्यांनी वाद घातला नाही, गाडीचं दार उघडलं.

यादीत नाव गेलं ते जामखेडच्या कोपऱ्यातल्या मुलीचं. सकाळचा सामना आणि दुपारची ती एक पकड, दोन्ही खरी होती. बातमी ऐकून ती मुलगी जायला तयार नव्हती. तिनं आमच्या चढाईपटूला फोन केला तेव्हा मी हिच्याच घरी बसले होते. हिनं तिचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जा गप. आनि तिकडं कुनाला सोडू नको."

आता आमची चढाईपटू सुप्याला पॅकिंगवर आहे. पाळी बदलती असते, सराव सुटला आहे. भेटली की ती त्या दिवसाबद्दल बोलत नाही. एकदाच म्हणाली, "हरले असते तर चाललं असतं, ताई. पन मला हरायलाच कुनी दिलं न्हाई."

म्हणून तुमच्याकडे एक मागणं मागते आहे, आणि हे वाचून बाजूला ठेवू नका. तुमच्या तालुक्यात मुलींची निवड चाचणी लागेल तेव्हा आदल्या दिवशी मैदानावर जा. दोन्ही संघांच्या प्रशिक्षकांना गाठा. मुलींना एकत्र बसवा आणि निवडायला येणारा माणूस काय बघणार आहे ते त्यांना नीट समजावून सांगा. मानाची चढाई यात्रेला ठेवा. चाचणीत ती बंद करा. आणि सामन्याच्या दिवशी पहिल्या रांगेत बसून, तुमच्याच लेकीविरुद्ध, समोरच्या पोरींना मोठ्यानं सांगा: तिला धरा, पूर्ण ताकदीनं धरा.