आवाजासाठी एक तोटी

काचबिंदूने आईची नजर जसजशी उणी होत गेली, तसतशी तिची कामं सुटत गेली. आधी तांदूळ निवडणं सुटलं, मग सुईत दोरा ओवणं, मग भाकरी. भाकरी सुटली तेव्हा ती दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही. शेवटी तिचं म्हणावं असं एकच काम उरलं होतं, गल्लीला पाणी आल्याची वर्दी देण्याचं. तेही मी, तिच्या पोटच्या पोरीने, हौसेने काढून घेतलं आणि वर शाबासकीची वाट बघत बसले.

आमचं गाव बिदर जिल्ह्यातल्या कमलनगरपासून जीपने वीसेक मिनिटांवर आहे. नळाला चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी येतं. कोणत्या वेळी, ते पाणी सोडणाऱ्या वाटरमनलाही सांगता येत नाही, कारण मोटारीला लाइट कधी मिळेल ते त्याच्या हातात नसतं. आलं की पाऊण तास राहतं. तेवढ्यात हौद, ड्रम, घागरी, सगळं भरून घ्यायचं. चुकलं की शाळेमागच्या बोअरवर रांग लावायची. काही घरांतली माणसं तोटी उघडी टाकूनच शेतात जातात. आईला त्याचा भारी संताप. "तोटी उघडी टाकून जायचं म्हंजे मातीलाच पाजायचं की सगळं," असं ती म्हणायची.

आमचं घर गल्लीच्या तोंडाशी. पाण्याची लाइन आधी आमच्याकडे येते, मग पुढच्या घरांकडे. बाहेरच्या भिंतीवरून लोखंडी पाइप गेलेला आणि त्याला तीन तोट्या होत्या, एक दारापाशी, एक बाजूला, एक मागे धुण्याच्या दगडाजवळ. दारापाशी होती ती जुनी पितळी तोटी. तिचं वायसर मला कळायला लागल्यापासून झिजलेलंच होतं, त्यामुळे ती कधी पुरती बंद व्हायची नाही. पाणी येण्याआधी पाइपातली हवा पुढे ढकलली जाते. ती हवा या तोटीच्या फटीतून बाहेर पडायची. आधी म्हातारं माणूस खाली बसताना सोडतं तसा एक सुस्कारा यायचा, मग बारीक शिट्टी, मग भिंतीतल्या लोखंडी आकड्यांवर पाइपाची थडथड. त्याच भिंतीला आतून आईची खाट लागून होती.

थडथड सुरू झाली की आई उठायची, भिंत धरत उंबऱ्यापर्यंत यायची आणि गल्लीतल्या तिन्ही भाषांत हाळी द्यायची, "नळ आलेऽ! नीर बंतूऽ! पानी आयाऽ!" पुढच्या घरांत पाणी पोचायला अजून आठ-दहा मिनिटं असायची. तेवढ्यात बाया घागरी घासून तयार. आईची हाळी कधी खोटी निघाली नाही. मी मात्र तिला काम समजत नव्हते, मला तो आईचा गलका वाटायचा.

मी राहते बिदरला आणि तिथल्याच कोळार औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या गोदामात सामान देण्या-घेण्याचं काम करते. कोणत्या फळीवर पाइपाचे वळणाचे जोड, म्हणजे एल्बो, कोणत्या खोक्यात तीन तोंडांचे, म्हणजे टी, हे झोपेत विचारलं तरी सांगेन. आयुष्यात एकदाही हातात पाना धरला नव्हता, ती गोष्ट वेगळी. स्वभावाने मी तापट. घरात काही मोडकं दिसलं की ते दुरुस्त होईपर्यंत मला घास गोड लागत नाही, आणि दुसऱ्यांनाही मी तो गोड लागू देत नाही. आईशी रोज दुपारी फोन व्हायचा, पण कसला? मी दोन वाक्यं बोलते न बोलते तोच ती म्हणायची, "ठेव आता, पडते जरा. नळ यायचा दिस हाय." कान तिचे सदा भिंतीकडे. पाण्याच्या दिवशी तर मध्येच "ठेव, नळ बोलायलाय," म्हणून फोन बंदच करून टाकायची. मला राग यायचा. लेकीपेक्षा हिला नळ जवळचा, असं मी भावाला बोलूनही दाखवलं होतं.

गेल्या वर्षी मागच्या तोटीचा सांधा गळायला लागला. धुण्याच्या दगडाभोवती शेवाळ धरलं आणि आई त्यावरून घसरली. थोडक्यात निभावलं, मनगटाला मुरगळ आली एवढंच. पण भाऊ आणि भावजय सकाळीच दुकान उघडायला कमलनगरला जातात, दिवसभर आई एकटी. माझं डोकं फिरलं. दोन दिवसांची रजा टाकली, काळ्या लवचीक प्लास्टिक पाइपाचं एक वेटोळं घेतलं, पितळी जोड आणि दांडीच्या तीन नव्या तोट्या घेतल्या आणि निघाले. जीपमध्ये ते वेटोळं मांडीवर बांधून ठेवलेलं. वाटेत दोरी सुटली आणि पाइपाचं टोक समोरच्या आजोबांच्या पटक्याला जाऊन लागलं. पटका खाली. आजोबा म्हणाले, "बाई, पाइपाला पण एक सीट घ्यायची की."

मिस्त्री आमच्या ओळखीतला, माझ्याहून वयाने मोठा, आईला अम्मा म्हणणारा. त्याने वेटोळं अंगणात उन्हात टाकलं, म्हणजे पाइप नरम पडतो. तरी तो सरळ होईना. एक टोक भिंतीवर दाबावं तर दुसरं उसळून त्याच्या पाठीत बसायचं. मिस्त्री म्हणाला, "अक्का, इसकू मायके की याद आरी. सीधा नई होता." आई खाटेवरून खदखदा हसली.

जुना पाइप कापला तर आतून गंजाने इतका भरलेला की करंगळी जाईना. मी तो तुकडा आईच्या हातात दिला आणि म्हटलं, "बघ, ह्यातून तू पाणी पीत होतीस." तिने बोट घालून पाहिलं, वास घेतला आणि तुकडा मला परत दिला. दुपारी एक जोड मी स्वतः आवळला. मिस्त्रीने तो गुपचूप सोडून पुन्हा आवळला, ते मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने वाटरमनला गळ घालून तपासणीपुरतं पाणी सोडायला लावलं. सगळे घागरी घेऊन आधीच उभे होते. तोट्यांतून पाणी असं आलं की अर्ध्या वेळात हौद भरला. एका सांध्याला थेंब नाही. मी पदर खोचून गल्लीतल्या बायांना दांडी फिरवून दाखवत होते, पाव फेरीत चालू, पाव फेरीत बंद.

आईने नव्या पाइपावर बोटाच्या पेराने टकटक केलं. "आवाज न्हाई करत का गं ह्यो?"

"आवाज?" मी म्हटलं, "मुंगी चालल्याइतका पण न्हाई!"

"बरं," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "ती दारापाशली तोटी मला दे." मी म्हटलं, भंगारात घालायची तर घाल. तिने ती लुगड्याच्या चिंधीत बांधून खाटेखाली सरकवली.

त्यानंतर आईचे फोन लांबले. बिदरला परतल्यावर पहिल्या आठवड्यातच माझ्या लक्षात आलं. ती ठेव म्हणेनाच. मांजर कुठे व्याली, भावजयीने वरण किती पातळ केलं, सगळं सांगायची, सांगून झालं की पुन्हा सांगायची. मी सुखावले. एक चिंता गेली म्हणून जीव मोकळा झाला असेल, असं वाटलं. आपल्या हातून काहीतरी चांगलं घडलं, अशा थाटात मी गोदामात वावरत होते.

मग एका रविवारी गावी गेले. गल्लीच्या तोंडाशीच समोरच्या घरातली वहिनी भेटली. तिचं माहेर खजुरीच्या पलीकडचं, बोलणं कन्नड वळणाचं; गल्लीतल्या सगळ्यांसारखी तीही आईला अक्का म्हणते. तिच्या अंगणात तोटी सताड उघडी होती आणि खाली पितळी परात उपडी घातलेली. मी विचारलं, हे काय? ती आधी सांगेना. मग हळूच म्हणाली, "पाणी दोनदा येऊन गेलं री. कुणालाच कळलं न्हाई. परातीवर पडलं की आवाज होतोय म्हणून ठेवलोय. अक्काला काय बोलू नका. त्यांची काय चूक न्हाई."

चूक कुणाची ते मला तिथेच उमगलं. नवी तोटी घट्ट बंद, हवेला जायला फटच नाही. पाइप प्लास्टिकचा, तो थडथडणार कसा? पाणी आमच्या भिंतीवरून मुकाट्याने येऊन दोनदा परत गेलं होतं आणि आई भिंतीला कान लावून बसली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

अंगणात गेले तर आई उंबऱ्यावर बसलेली, तोंड भिंतीकडे, तळहात काळ्या पाइपावर टेकवलेला.

"आई, काय करायलीस?"

"बघायले. कानाला लागत न्हाई तर हाताला तरी लागतंय का."

"लागतंय?"

"न्हाई गं." मग माझा आवाज ऐकून तिला काय वाटलं कोण जाणे, पाइपावरून हात फिरवत म्हणाली, "पर चांगला पाइप आणलीस. मजबूत हाय."

तिने मला दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मला रडू फुटत होतं, आणि माझ्या स्वभावाप्रमाणे मी रडायच्या ऐवजी चिडले. "मग मला सांगितलं कामून न्हाईस? रोज तास तास फोनवर बोलायलीस, तेवढं एक सांगता येत नव्हतं?"

"काय सांगू? तू एवढ्या हौसेनं केलीस." तिने पाइपावरचा हात काढून मांडीवर घेतला. "आणि आता दुपारी करू तरी काय? पाण्याकडं कान द्यायचं काम न्हाई ऱ्हायलं. म्हनून बोलत बसते."

मी मागच्या दगडावर जाऊन बसले आणि रडले. लांबलेल्या त्या फोनांनी मी किती खूश झाले होते, ते आठवून जास्त रडले. शेवाळ गेलं होतं, दगड कोरडा ठणठणीत होता. ते काम करायलाच हवं होतं, याबद्दल मला आजही शंका नाही. पण करण्याआधी एकदा आईच्या खाटेवर डोळे मिटून पडायला हवं होतं.

मग तोंड धुतलं आणि मिस्त्रीला फोन लावला. तो आला, सगळं ऐकलं आणि डोक्याला हात लावून हसायला लागला. "हौ अक्का, तीस बरस में पहली बार कोई बोलरा, नळ को आवाज लाव." पण माणूस कामाचा. गंजका पाइप त्याच्याकडेच पडून होता. त्यातला हातभर बरा तुकडा त्याने निवडला, दारापाशी नव्या पाइपात एक टी घातली आणि तो तुकडा आईच्या खाटेच्या भिंतीवर जुन्या आकड्यांत बसवला, मुद्दाम थोडा ढिला. आईने खाटेखालून चिंधी काढली. तोटी हातात घेताच मिस्त्रीने सवयीने खिशातून नवं वायसर काढलं.

"नक्को!" मी आणि आई एकदमच ओरडलो.

तर आता आमच्या घराला चार तोट्या आहेत. तीन पाण्यासाठी, एक आवाजासाठी. पाणी असतं तेवढा वेळ ती चौथी तोटी गळते, म्हणून खाली बादली ठेवली आहे. ते पाणी आईच्या कढीपत्त्याला जातं. भाऊ म्हणतो, लोक गळकी तोटी काढायला पैसे देतात, आपण बसवायला दिले.

पाणी यायचा दिवस जवळ येत होता आणि मला तर रजा उरली नव्हती. बिदरला आले, पण जीव त्या भिंतीत. हवा त्या तुकड्याकडे वळेल का, ढिला पाइप वाजेल का, मिस्त्रीलाही छातीठोक सांगता येत नव्हतं. गुरुवारी दुपारी आईचा फोन आला. मांजराची पिल्लं तिसऱ्यांदा सांगून झाली. मी एका हाताने फोन धरून दुसऱ्याने बोल्ट मोजत होते. समोर चिठ्ठी घेऊन एक कामगार उभा होता.

आणि आई वाक्याच्या मध्येच थांबली.

फोनमधून मला तो सुस्कारा ऐकू आला. मग शिट्टी. मग भिंतीवरची थडथड, लहानपणापासून ओळखीची.

"ठेव गं, ठेव!" आई म्हणाली. पण घाईत फोन बंद करायचा राहिला, तो खाटेवरच पडला असावा. तिची पावलं उंबऱ्याकडे गेली. "नळ आलेऽ! नीर बंतूऽ! पानी आयाऽ!" मग कुठून तरी घागर आपटल्याचा आवाज, मग दुसरी, आणि गल्लीतून कुणीतरी ओरडलं, "आलो अक्काऽ!"

"मॅडम, बोल्ट," कामगार म्हणाला.

"थांब जरा," मी म्हटलं. "आमच्या गल्लीत पाणी आलंय."