भिंतीवर उतरलेली गल्ली

ताहेरा शिकलगारचं घर पाटणच्या पेठेत आहे. खाली फोटो स्टुडिओ, वर दोन खोल्या. तालुक्यात लग्नाचे फोटो काढणाऱ्या बायका मोजक्याच. त्यामुळं हळदीच्या खोलीत, नवरी नटत असताना, जिथं पुरुष फोटोग्राफर अवघडून दारातच थांबतो तिथं ताहेरालाच बोलावणं यायचं. हे काम ती वडलांकडून, चांदसाहेबांकडून शिकली. स्वतःचा संसार चार महिन्यांत मोडून ती माहेरी परतली, तेव्हा चांदसाहेब "कॅमेऱ्यावर धूळ बसलीया, पुसून घे," एवढंच म्हणाले होते.

दोन हजार वीसचा मार्च संपत आला, लग्नसराई तोंडावर आली आणि सगळं बंद झालं. ठरलेल्या तारखा एकेका फोनसरशी गळून गेल्या. ताहेरानं स्टुडिओचं शटर ओढलं. चांदसाहेब तर वर्षभर खाटेवरच होते. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांनी जिना उतरला नव्हता. आता बापलेक दोघंही वरच राहू लागले.

करायला काही नव्हतं, म्हणून ताहेरा उजेड बघत बसायची. सकाळी तो पूर्वेच्या खिडकीतून यायचा, पाण्याच्या पिंपावर थोडा रेंगाळायचा, मग फरशीवरून सरकत अब्बांच्या खाटेवर चढायचा. सगळ्या पेठेत तो एकटाच बिनपासचा हिंडत होता. एकदा त्या उजेडात चांदसाहेबांचा चहाची बशी धरलेला हात तिला असा काही दिसला की तिनं मोबाईलवरच फोटो काढला. जुन्या गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो टाकला आणि खाली बोलून पाठवलं, "खिडकीकडं पाठ करू नका. उजेड एका गालावर घ्या. घरातल्या कुणाचाही असा फोटो काढून मला दाखवा."

संध्याकाळपर्यंत अकरा फोटो आले. एक चुलीपुढचा, एक झोळीतल्या बाळाचा. दुसऱ्या दिवशीपासून चार वाजता ती मोबाईल मसाल्याच्या डब्याला टेकवून उभा करायची आणि शिकवायला बसायची. कोयनानगरच्या वसाहतीतली क्रांती नावाची कॉलेजातली मुलगी सगळ्यात आधी हजर असे. आणि असे नाथाजी.

नाथाजी विट्याजवळच्या खेड्यातला. तिकडच्या कितीतरी माणसांसारखं त्याचंही परमुलखात, तिरुचिरापल्लीला, सोनं गाळायचं दुकान होतं. त्याच्या लग्नाचे फोटो ताहेरानंच काढलेले. बायको आणि आई गावाकडं, आणि हा दुकानामागच्या खोलीत एकटाच अडकलेला. तो रोज ऐकायचा, पण फोटो कधी पाठवायचा नाही. शेवटी ताहेरानं विचारलं.

"ताई, तुमी खिडकी खिडकी करताय," तो म्हणाला, "माझ्या खोलीला खिडकीच न्हाई."

तीन दिवसांनी सकाळीच त्याचा फोन आला. आवाज घाबरलेला.

"ताई, मला ताप तर न्हाई ना आला? दुकानाच्या भिंतीवर माणसं चालाय लागल्यात. उलटी! पाय वर, डोकी खाली."

"दुकानात अंधार आहे का?"

"लय अंधार. लाईट गेलीया. शटरला तेवढं बोल्टाचं एक भोक हाय."

ताहेरा हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "नाथाजी, ती बाहेरची गल्ली आहे. उजेडाबरोबर भोकातनं उलटी होऊन आत आलीये. तुम्ही आत्ता कॅमेऱ्याच्या पोटात उभे आहात."

मग तिनं त्याला सांगितलं तसं त्यानं भिंतीवर पांढरं धोतर ताणलं, मोबाईल डब्यांवर हलणार नाही असा ठेवला, आणि बराच वेळ उजेड आत घेत फोटो काढला. फोटोत निळं आभाळ जमिनीला टेकलं होतं. वर, छताजवळ, उलट्या नारळाच्या झाडाशेजारून एक पुसटशी म्हातारी घागर घेऊन चालली होती.

नाथाजीनं तो फोटो घरी पाठवला. त्याची आई, रंगूबाई, दुकान टाकल्याला आठ वर्षं झाली तरी कधी तिकडं गेली नव्हती. तिनं मोबाईल हातात घेतला, उलटा धरला, आणि म्हणाली, "व्हय रं, एवढी चांगली गल्ली हाय तुझी? मला वाटायचं, पोरगं कुठं अंधारात ऱ्हातंय."

इकडं ताहेरानंही खिडकीला काळा कागद चिकटवला, रुपयाएवढं भोक पाडलं आणि समोर चादर बांधली. डोळे अंधाराला सरावले तशी पेठ हळूहळू उमटत गेली. समोरची कौलं, चिंच, मागचा डोंगर, सगळं उलटं लटकलेलं आणि वाऱ्यानं हलणारं. एक कुत्रं छताखालून सावकाश निघून गेलं.

"अब्बा, दिसतंय का?"

चांदसाहेबांनी उशीवरून मान मागं टाकली. "मला सरळच दिसतंय," ते म्हणाले. "तू उभी हायस, म्हणून तुला उलटं."

त्यानंतर रोज नाष्टा झाला की ते कागद लावायला सांगत आणि तासभर पेठेत हिंडून येत. चिंचेला फुटलेली पालवी आधी त्यांनाच दिसली. ग्रुपवरच्या लोकांनीही आपापल्या खोल्या अंधाऱ्या केल्या. क्रांतीच्या भिंतीवर कोयनेचे डोंगर उतरले. ढग फरशीलगत वाहत होते, आणि तिनं त्यात पाय सोडून बसलेल्या आजीचा फोटो काढला.

जूनमध्ये नाथाजी गावी पोचला. शाळेच्या खोलीत चौदा दिवस काढून मगच घरात गेला. पुढं तो परत दुकानी गेला, पण या वेळी आई आणि बायकोला घेऊन. चांदसाहेब पुढच्या थंडीत गेले, सकाळी, झोपेतच. ताहेरानं आठवडाभर शिकवणी बंद ठेवली. आठव्या दिवशी चार वाजता ती मोबाईलसमोर बसली तेव्हा साठ माणसं आधीच येऊन थांबली होती.

लग्नं पुन्हा सुरू झाली, तरी शिकवणी तिनं सोडली नाही, फक्त रोजच्याऐवजी रविवारी घेऊ लागली. दोन वर्षांनी क्रांतीला कोयनानगरातच फोटो काढायला पहिलं लग्न मिळालं. लाईट धरायला माणूस नव्हता, म्हणून ताहेरा एसटीनं गेली. हळदीच्या खोलीत गर्दी होती. ताहेरा सवयीनं पुढं सरकली, तशी क्रांती कॅमेऱ्यावरचा डोळा न काढता म्हणाली, "ताई, जरा बाजूला व्हा. नवरीवर तुमची सावली पडतीया."

"व्हय व्हय," म्हणत ताहेरा बाजूला झाली आणि तिनं लाईट थोडा उंच धरला.