मामांचं बंद दाराआडचं गाणं

माझ्या बायकोच्या उदगीरच्या मामांइतकं चोरून गाणी ऐकणारं माणूस अख्ख्या मराठवाड्यात नसेल, आणि त्यांच्याइतकी गाणी गल्लीला ऐकवणारंही नसेल. एसटी स्टँडवर जन्मभर गाड्या पुकारल्यामुळे ते घरातही पुकारूनच बोलतात. "जेवणाऱ्यांनी आत यावं!" असं ते म्हणाले की शेजारच्या घरातही लोक हात धुतात. यंत्रांवर त्यांची फार माया. दुपारी टीव्हीला विश्रांती, रिमोट रुसला की त्याला तुळशीपाशी ऊन दाखवायचं. एकदा माझा मोबाईल बंद पडला, तर त्यांनी तो काढून घेऊन ताटाखाली झाकून ठेवला. "त्याला जरा अंधार पाहिजे," म्हणाले. थोड्या वेळानं तो खरंच चालू झाला, आणि तेव्हापासून माझ्या बायकोचा माझ्यावरचा विश्वास उडाला.

सिनेमाच्या गाण्यांवर मात्र त्यांचा राग. "गाण्यानं माणूस ढिला पडतो," हे त्यांनी लग्नात बँडवाल्यालाही सुनावलं होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी मोठा अँप्लिफायर आणला तेव्हा सगळ्यांना वाटलं, भजनासाठी असेल. पाहुण्यांना दिसावेत म्हणून स्पीकर बैठकीत, अँप्लिफायर आतल्या खोलीत, आणि मामा दार लावून कानांवर भलेमोठे हेडफोन चढवून बसलेले. विचारलं की म्हणायचे, "प्रवचन ऐकायलोय."

मागच्या महिन्यात त्यांचा आमच्याकडं लातूरला फोन आला. "जावईबापू, प्रवचनात खरखर व्हायलीय. उजव्या कानात. या!" मी कधीतरी त्यांच्या दारावरची बेल नीट केली होती, एवढ्यावर मी त्यांचा इंजिनिअर.

गल्लीच्या तोंडाशी पोचलो तर एक जुनं प्रेमगीत दणक्यात चालू. भाजीवाली त्याच ठेक्यावर भेंडी तोलत होती. समोरच्या ओट्यावरची आजी म्हणाली, "आज मामानं लवकर लावलं." आवाज मामांच्याच बैठकीतून येत होता. आत मामा डोळे मिटून, हेडफोन घालून, जगापासून लपून बसले होते. मला पाहताच त्यांनी नेहमीसारखं आधी गाणं बंद केलं, मगच हेडफोन काढला.

हेडफोन माझ्या मोबाईलला लावून पाहिला, आवाज स्वच्छ. परत अँप्लिफायरला लावून पिन फिरवली की खरखर. म्हणजे दोष सॉकेटमध्ये. झाकण उघडलं तर आत धूळ, आणि पिन आत गेल्यावर स्पीकर बंद करणारी बारीक पत्ती वाकलेली. म्हणजे मामांचं प्रवचन पहिल्यापासून भाजीवालीपर्यंत पोचत होतं! मी पत्ती सरळ करायला चिमटा उचलला, तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या मामींनी मला खुणेनं स्वयंपाकघरात बोलावलं.

"काय करायलात?" त्यांनी हळूच विचारलं. मी सांगितलं.

"मला ठाव हाय. सगळ्या गल्लीला ठाव हाय." मामी परातीतल्या पिठाकडं बघत म्हणाल्या. "जन्मभर हे स्टँडवर. घरी आले की झोपायचे. ह्यांना काय आवडतं ते मला आत्ता कळायलंय. परवा एक गाणं लागलं, मी माहेरी म्हणायची ते. ह्यांनी लई वेळा लावलं. मी इथं भाकरी थापत ऐकत होते. खरखर काढा जावईबापू, पत्ती राहू द्या."

मी धूळ काढली, सॉकेट पुसलं, झाकण लावलं. मामांनी हेडफोन चढवला आणि ओरडले, "वा! दोन्ही कान सारखे!" मग त्यांच्या मते कुजबुजत, म्हणजे चार घरं ऐकतील एवढ्या आवाजात, विचारलं, "बाहेर कुणाला ऐकू जात न्हाई ना?"

"न्हाई," मी म्हणालो. दारात मामी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

संध्याकाळी लातूरला पोचलो. बायकोनं विचारलं, "झालं का नीट?"

"जेवढं व्हायला पाहिजे तेवढं झालं," म्हणालो. मग जरा थांबून विचारलं, "तुला गं कोणती गाणी आवडतात?"

ती भांडी लावता लावता माझ्याकडं वळली. "हे लग्नानंतर पहिल्यांदाच विचारताय," म्हणाली. आणि आठवायला गेली, तर तिला स्वतःलाच एकही आठवेना.