कडुनिंबाचे भाडेकरू

चंद्रपूर जिल्ह्यात आजवर जेवढ्या माफ्या मागितल्या गेल्या असतील, त्यांतल्या निम्म्या एकट्या माझ्या बायकोच्या मामांनी मागितल्या आहेत, आणि त्यांत माणसाची मागितलेली एकही नाही. सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवण्याआधी ते जमिनीची क्षमा मागतात, तुळस खुडताना तुळशीची, बादली जरा जास्त भरली तर इरई नदीची. स्कूटरवर माझ्या मागे बसले की सिग्नलला कानाशी कुजबुजतात, "जावईबापू, बंद करा. वायुदेव खोकलून राह्यले." मी मुळात अपराधी स्वभावाचा, दुसऱ्याच्या हातून कप फुटला तरी आधी मीच ओशाळतो. मी मुकाट्याने गाडी बंद करतो. घुग्घुसकडचं त्यांचं गाव कोळशाच्या खाणीत गेलं, तेव्हापासून ते आमच्याकडेच असतात. कोणी विचारलं तर "पाहुणा आहो" म्हणतात.

मग आम्ही मोटार घेतली आणि तिच्या शेडसाठी फाटकाजवळचा कडुनिंब पाडायचं ठरलं. महापालिकेची परवानगी मिळाली, पण मामांना सांगताना मी आधी माफीच मागितली. ते मात्र खुशीत होते. शास्त्रात झाड तोडायला मनाई नाही म्हणाले. आधी पूजा करायची आणि झाडावर राहणाऱ्यांना नम्रपणे सांगायचं, की बाबांनो, मुक्काम दुसरीकडे हलवा. बस, एवढंच. मी सुटलो असं समजलो.

दुसऱ्या दिवसापासून मामा झाडाखाली खुर्ची टाकून बसले. खार जायला तयार होती, पण तिची पिलं लहान होती. हळद्या पक्षी कधी घरी सापडत नसे. मुंग्यांत एकमत होईना. पिंगळा दिवसा झोपतो, म्हणून त्याच्यासाठी संध्याकाळची वेगळी बैठक. बायकोने विचारलं, झालं का सगळ्यांचं, तर मामा गंभीरपणे म्हणाले, "सुतारपक्षी म्हनते, घरच्यायले विचारून सांगतो." झाड तोडणारा माणूस येई आणि चहा पिऊन परत जाई. शेवटी मी वैतागून सांगितलं, आज काही झालं तरी झाड पडणार.

मामा शांतपणे उठले, खोडाला कुंकू लावलं आणि म्हणाले, "पाडा ना. पन सांगाचं घरमालकानं असते. तुमीच सांगा."

शेजारीपाजारी कुंपणावर रेलले होते. मी हात जोडून वर पाहिलं. ढोलीतून पिंगळ्याचं पिलू मान वाकडी करून माझ्याकडेच बघत होतं. काय बोलू, असं मी मामांनाच विचारलं.

"आमाले खानीची नोटीस आली होती ना, तसंच बोला," मामा डोळा मिचकावत म्हणाले. "आमची मराठीत होती, वाचता तरी आली. यायले कोन वाचून दाखवन?"

सगळे हसले, मामाही हसले. पण खोडावरचा हात त्यांनी काढला नव्हता.

झाड तोडणारा त्याही दिवशी चहाच पिऊन गेला. मोटार अजून उघड्यावर असते आणि पाखरं तिच्यावर रोज आपला अभिप्राय नोंदवतात. मामांचे गुडघे आता दुखतात, तरी सकाळचा नेम चुकत नाही. अलीकडे माझ्या लक्षात आलं, पाय खाली सोडण्याआधी ते हात जोडतात तेव्हा तोंड घुग्घुसकडे करून बसलेले असतात. तिथे पाय ठेवायला आता जमीन नाही, नुसता खड्डा आहे. तरी आधी तिची माफी मागतात, आणि मगच आमच्या फरशीवर पाय टेकवतात.