कोरड्या बुटांचा कप्तान

एकोणतीस वर्षांत कप्तान ऑर्मंड पॉवरीचे बूट एकदाही भिजले नव्हते. काळे, नाड्यांचे, रोज सकाळी व्हरांड्यात बसून घासून चकचकीत केलेले. ग्रँड केमन बेटावर बोटीवरचा माणूस अनवाणी असतो, फार तर रबरी चपलेत. ऑर्मंड बूट घालायचा. वर पांढरा इस्त्रीचा शर्ट, लांब विजार. वेस्ट बे गावातली माणसं म्हणत, जुना रुबाब आहे. म्हणोत बापडी.

काम म्हणाल तर असं. सकाळी पर्यटकांची मोठाली जहाजं बंदराबाहेर उभी राहत, त्यांतून माणसं उतरत, आणि ऑर्मंड त्यांतली साठ आपल्या बोटीत घालून उत्तरेच्या खाडीत वाळूच्या उथळ पट्ट्यावर नेई. तिथे पाकट असतात. ताटापासून ते जेवणाच्या टेबलापर्यंत कुठल्याही मापाचे, चपटे, करडे मासे, मागे लांब शेपटी आणि शेपटीत काटा. जाहिरातीत लिहिलेलं असे, ‘पाकटांबरोबर पोहा.’ पोहणं कसलं डोंबलाचं! पाणी कमरेएवढं. अंगात फुगवलेलं नारिंगी जाकीट, नाकावर चुना फासावा तसं पांढरं मलम, आणि अशा थाटात उभं राहायचं. येताना बोटीत आपल्या तीन कारखान्यांच्या गोष्टी सांगणारा गृहस्थ पोटरीला पाकट घासून गेला की बायकोच्या खांद्यावर चढू बघे. मग पाकटाला उचलून त्याचा मुका घ्यायचा. म्हणजे सात वर्षं भाग्य उजळतं. ही सात वर्षं कुणी शोधून काढली ते ऑर्मंडला चांगलं ठाऊक होतं. त्याच्याच आतेभावाने, एका रिकाम्या दुपारी, बक्षिसी वाढावी म्हणून.

आणि शेवटी प्रमाणपत्र. निळ्या कडेचा जाड कागद, ‘मी पाकटांबरोबर पोहलो’, खाली कप्तानाची सही. जो पाण्यात उतरलाच नाही, बाकावर बसून वेफर्स खात राहिला, तोही हात पुढे करी आणि त्यालाही मिळे.

“उभं राहिल्याचं प्रमाणपत्र,” सह्या करता करता ऑर्मंड नेस्टरला म्हणे. “उद्या खुर्चीत बसल्याचंही देतील.”

नेस्टर फिलिपीन्सचा, दहा वर्षं त्याच्या बोटीवर खलाशी. तो थंडपणे म्हणे, “सही करा, कप्तान. अजून चाळीस राहिलीत.”

रोज कुणीतरी बाई विचारीच, “कप्तान, तुम्ही नाही उतरत पाण्यात?”

“मॅडम, माझ्याकडे बोट आहे.”

सगळे हसत. एकोणतीस वर्षं तेच उत्तर आणि एकोणतीस वर्षं तेच हसू. त्या हशामागे काय दडलंय ते फक्त एका माणसाला माहीत होतं, ते म्हणजे त्याची बायको अर्व्हिला. कप्तान ऑर्मंड पॉवरीला पोहता येत नव्हतं.

यात नवल काही नाही. त्याच्या बापाने आयुष्यभर कासवं धरली, महिना महिना बाहेर राहिला, पण पोहला कधी नाही. “बोट असताना पोहायचं कशाला?” असं त्याचं म्हणणं. तो मासळी साफ करायला याच वाळूच्या पट्ट्यावर येई, कारण किनाऱ्यावर डास फोडून काढत. आतडी पाण्यात टाकली की पाकट गोळा होत. बापाने त्यांना कधी नाव दिलं नाही, मुका तर सोडाच. एकदा एकाचा काटा त्याच्या टाचेत घुसला, तेव्हा तीन आठवडे तो खाटेवर ओरडत होता. सात वर्षांच्या ऑर्मंडने तो पाय पाहिला होता. तेव्हापासून पाणी वरूनच बरं, हे त्याचं ठरलं.

तर असा हा गृहस्थ पाण्याला आणि पाकटांना मनातून भिणारा, आणि दिवसभर दुसऱ्यांच्या भित्रेपणावर नाक मुरडणारा. सकाळी अर्व्हिला चर्चच्या बायकांबरोबर स्मशानाजवळच्या किनाऱ्यावर पोहायला जाई, तर तिच्यावरही याची टिंगल. “सहा म्हाताऱ्या, भिजलेल्या पावासारख्या तरंगतायत.” ती टॉवेल खांद्यावर टाकून चालू लागे.

एके दिवशी भाचा केर्विन कागद घेऊन आला. बोटी त्याच्या, कंपनी त्याची.

“मामा, बंदर कचेरीचं पत्र आहे. प्रवासी नेणाऱ्या प्रत्येक कप्तानाने पन्नास मीटर पोहून दाखवायचं. पुढच्या महिन्यात, अठ्ठावीस तारखेला. नाही जमलं तर परवाना बंद.”

“मी सुकाणू धरलं तेव्हा ती कचेरीसुद्धा नव्हती.”

“कळवू का त्यांना तसं?” केर्विन हसला. “अहो मामा, तुमच्यासाठी तर डाव्या हाताचा मळ. मी चिंता करतोय ती दुसऱ्या बोटीवरच्या त्या जाड्या लेस्टनची.”

ऑर्मंडही हसला, पण हसू ओठांतच राहिलं. परवाना गेलेले कप्तान काय करतात ते त्याने पाहिलं होतं. धक्क्यावर टोप्या विकतात, आणि टोपी घेणाऱ्याला सांगतात की आपण पूर्वी कप्तान होतो. घेणारा म्हणतो, अरे वा, आणि सुटे पैसे मागतो.

घरी अर्व्हिला मासळीच्या रश्शासाठी नारळाचं दूध काढत होती. तो दारात उभा राहिला, हवेबद्दल बोलला, नीरफणसाबद्दल बोलला, शेजारच्या कुत्र्याबद्दल बोलला. शेवटी पत्र टेबलावर ठेवलं. तिने वाचलं, चष्मा काढला आणि पदराएवढ्या ॲप्रनमध्ये तोंड लपवलं.

“हसून घे. हस.”

“हसतेय कुठे? खोबरं गेलं घशात.”

“अर्व्हिला, माझी बोट जाईल.”

मग ती हसायची थांबली. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात त्याने तिच्याकडे काही मागितलं असेल तर मीठ. “शिकवते,” ती म्हणाली. “उद्या सकाळी चल किनाऱ्यावर.”

“त्या पाच बायकांसमोर? दुपारपर्यंत सगळ्या वेस्ट बेला कळेल!”

“मग सरकारी तलावावर.”

“तिथे शाळेची पोरं असतात.”

अर्व्हिलाने घट्ट पिळून चोथा बाजूला टाकला. “मग अशा जागी जाऊ, जिथे आपलं एकही माणूस पाण्यात उतरत नाही.”

त्याला कळायला वेळ लागला. कळल्यावर तो खुर्चीतून उठलाच. “पाकटांच्या पट्ट्यावर? त्या बावळटांत?”

“तिथेच. तीनशे बावळटांत तीनशे एकावा कोण बघतो, बोबो?” लाडात आली की ती त्याला बोबो म्हणे, आणि लाडात ती बहुधा तो अडचणीत असतानाच येई.

गुरुवार त्याचा सुट्टीचा. तिकिटं दुसऱ्याच कंपनीची काढली, कारण त्या बोटीची कप्तान टेस नावाची कॅनडाची मुलगी होती. बेटावर येऊन तिला जेमतेम दोन वर्षं झालेली. ऑर्मंड तिच्याबद्दल म्हणे, ही सुकाणू धरते की वाढायचं ताट! त्याने फुलाफुलांचा शर्ट घातला, गुडघ्यापर्यंतची चड्डी, झावळ्यांची मोठी टोपी, नाकावर पांढरं मलम. आरशात पाहिलं तर समोर तोच होता, ज्याच्यावर तो रोज हसायचा.

टेसने भाषण केलं. पाय उचलू नका, वाळूत घासत चाला, म्हणजे पाकटावर पाय पडणार नाही. शब्दन् शब्द त्याचाच. तो शिडीवरून उतरला, वाळूला पाय लागला, आणि पहिल्याच पाकटाने त्याच्या घोट्याला ओल्या मखमलीसारखी कड घासली. ऑर्मंड किंचाळला. अशी किंकाळी त्या पट्ट्याने ऐकली नसेल. शेजारी ओहायोहून आलेली एक जाडजूड बाई होती. तिने त्याचा दंड धरला.

“घाबरू नका हो. पाय घासत चाला. कप्तान म्हणाली ना?”

एकोणतीस वर्षं रोज हे वाक्य म्हणणाऱ्या माणसाने मुकाट मान हलवली. अर्व्हिला दुसरीकडे बघत होती. तिचे खांदे हलत होते.

मग गर्दीपासून थोडं बाजूला जाऊन तिने त्याच्या पाठीखाली तळहात धरला. “आभाळाकडे बघ. मान सोड. मान म्हणजे सुकाणू नाही, घट्ट धरायला.”

“तू हात काढशील.”

“काढीन तेव्हा सांगेन.”

तिने न सांगताच काढला. कान पाण्याखाली गेले, सगळा गोंगाट दूर कुठेतरी राहिला, आणि एक पाकट त्याच्या खालून संथपणे निघून गेला. ऑर्मंडला साफ भीती वाटली. पण तो बुडाला नाही. पासष्टाव्या वर्षी त्याला पहिल्यांदा कळलं की ज्याच्यावर आपण जन्म काढला ते पाणी आपल्यालाही धरतं. रडू आलं तरी तिथे चालून जाण्यासारखं होतं, सगळेच ओले.

परत निघायच्या आधी टेसने त्याला गाठलं. “सर, तुम्ही एकटेच उरलात!” आणि हातावर झेललेला पाकट पुढे केला. सगळी बोट टाळ्या वाजवायला लागली. त्याने डोळे मिटून मुका घेतला. प्रमाणपत्रासाठी नाव विचारलं तेव्हा अर्व्हिला घाईने म्हणाली, “फ्रेड.”

असे चार गुरुवार गेले. पाठीवर तरंगणं, मग पोटावर, मग हात मारणं. जहाजावरचा माणूस एका दिवसात येतो आणि जातो, तो लागोपाठ चार गुरुवार त्याच पट्ट्यावर येत नाही, हे या दोन शहाण्यांच्या डोक्यात आलं नाही. चौथ्या गुरुवारी टेस सही करता करता हळूच म्हणाली, “डावा हात लवकर उचलता तुम्ही, कप्तान पॉवरी.”

ऑर्मंडने टोपी डोळ्यांवर ओढली. “कधीपासून माहीत आहे?”

“पहिल्या दिवसापासून.” तिने बाकाखाली बोट दाखवलं. तिथे त्याचे बूट शेजारी शेजारी ठेवलेले होते, काळे, चकचकीत. “फुलाफुलांच्या शर्टावर असे बूट घालून या बेटावर दुसरं कोण हिंडतं?”

“कुणाला सांगितलंस?”

“कशाला सांगू?” ती म्हणाली, आणि सुकाणूकडे गेली. येताना त्याने नीट पाहिलं. पोरगी सुकाणू बरं धरत होती. हे त्याला मुळीच आवडलं नाही.

अठ्ठावीस तारखेला सरकारी तलावावर छत्रीखाली परीक्षक बसले होते, ईस्ट एंडचे मिस्टर हॉलिस रँकिन, ऑर्मंडच्याच वयाचे. अर्व्हिला कठड्यापाशी टॉवेल घेऊन उभी होती. ऑर्मंडला बघून हॉलिस उठले, हात हातात घेतला.

“कप्तान, तुम्हाला काय पाण्यात उतरवायचं! मलाच लाज वाटेल. हे घ्या, झालं.”

कागद आधीच भरलेला होता. पन्नास मीटर, उत्तीर्ण. खाली सही.

बोट वाचली होती. घडी घालून खिशात टाकायचं, घरी जायचं, जेवायचं. ऑर्मंड त्या सहीकडे बघत राहिला. दिवसाला साठ सह्या तो स्वतः करत होता. मग त्याची नजर खाली गेली. हॉलिसच्याही पायांत बूट होते, तपकिरी, नाड्यांचे, अगदी कोरडे.

“हॉलिस, तुला येतं का रे पोहायला?”

“मला कशाला? मी तर मोजणारा.”

“ते बावळट निदान ओले तरी होतात,” ऑर्मंड म्हणाला. कुणाबद्दल ते हॉलिसला कळलं नाही. ऑर्मंडने कागद परत त्यांच्या मांडीवर ठेवला, बूट काढले आणि पाण्यात उतरला.

पंचवीस मीटर गेला. वळला. परतताना मध्येच दम गेला, नाकात पाणी शिरलं, आणि त्याने काठ धरला.

“काठ धरलेला मी काही पाहिला नाही,” हॉलिस छत्रीखालून म्हणाले.

“मग डोळे उघड आणि आता बघ.”

तो चालत सुरुवातीला गेला आणि पुन्हा पहिल्यापासून निघाला. पोहणं बघवत नव्हतं. डावा हात लवकर उचलत होता, मान कासवासारखी वर येत होती. अर्व्हिला काठाकाठाने त्याच्याबरोबर चालत होती. शेवटची भिंत हाताला लागली तेव्हा त्याला शिडी चढता येईना. “आता पाहिलंस?” एवढंच तो धापा टाकत म्हणाला. हॉलिसनी मान डोलावली आणि आपले पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

सोमवारी बोट पट्ट्यावर उभी होती. साठांतले एकोणसाठ पाण्यात कालवा करत होते. साठावा बाकावर वेफर्स खात होता. परतायची वेळ झाली तशी तो बोटं पुसत उठला आणि प्रमाणपत्रासाठी हात पुढे केला.

ऑर्मंडने पेनाला टोपण लावलं. “आधी उतरा. पाणी कमरेएवढं आहे.”

नेस्टर दोरी गुंडाळायचा थांबला.

“सगळ्यांना देता की,” तो माणूस तणतणला. “आणि तुम्ही हो? तुम्ही तर बूट घालून बसलाय!”

नेस्टरने कान टवकारले. बोटीचं ते उत्तर त्याला पाठ होतं. पण कप्तान बाकावर बसला, खाली वाकला आणि नाड्या सोडू लागला.