क्वार्टर पळत का नाही

२००५ सालच्या ऑगस्टमध्ये मी आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मिरजेहून अमेरिकेत, डेट्रॉइटजवळच्या नोव्हायला माझ्या घरी घेऊन आले. आई त्याच वर्षी गेली होती. मी एकुलती एक. सुट्टी काढून गेले, घराला कुलूप लावलं, किल्ली काकांकडे दिली आणि आप्पांना जवळजवळ उचलूनच विमानात बसवलं. डेट्रॉइटच्या विमानतळावर अधिकाऱ्याने त्यांच्या पासपोर्टवर सहा महिन्यांचा शिक्का मारला, तेव्हाच मी मनात ठरवून टाकलं होतं की व्हिसा वाढवून घ्यायचा, आणि पुढचं पुढे. ज्या माणसाला चहापलीकडे काही करता येत नाही, तो त्या घरात एकटा राहून काय खाणार होता?

आप्पांनी हायस्कुलात पीटी शिकवली आणि कबड्डीचे संघ तयार केले. त्यांच्या शिट्टीला सगळी शाळा टरकून असायची. आमच्याकडे मात्र ते सोफ्याच्या कडेला बसायचे. "टीव्ही लावला तर चालेल ना?" असं माझ्या नवऱ्याला विचारायचे, तेही "जावईबापू" म्हणून. स्वतःची कपबशी धुऊन पालथी घालायचे. सकाळी अंथरुणाची घडी अशी करायचे, जणू आजच निघायचं आहे. मला याचा भयंकर राग यायचा. मी म्हणायचे, "आप्पा, हे तुमचंच घर आहे." ते म्हणायचे, "हो हो." आणि परत कडेलाच बसायचे. बोलणं तर आई गेल्यापासून आटलंच होतं.

त्यांना सोफ्यावरून उठवलं ते शेजारच्या गृहस्थांनी. हे मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, आवाज दणदणीत, पोट त्याहून दणदणीत. सप्टेंबरातल्या एका शनिवारी ते गवत कापत होते आणि आप्पा हाताची घडी घालून, पीटीच्या तासाला उभं राहावं तसे बघत होते. शेजाऱ्यांनी खूण करून त्यांना घरात बोलावलं, शेंगदाण्यांचं भांडं पुढे केलं आणि टीव्हीवर कॉलेज फुटबॉलचा, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या अमेरिकन फुटबॉलचा, सामना लावला. त्यांची बायको दर शनिवारी बहिणीकडे निघून जायची, कारण तिला तो आरडाओरडा सहन व्हायचा नाही. तिची खुर्ची आप्पांना मिळाली. तेव्हापासून शनिवार म्हणजे आप्पा शेजारी, हे ठरून गेलं.

संघ आमच्या राज्यातल्याच एका विद्यापीठाचा होता. शेजारी स्वतः कधी कॉलेजची पायरी चढले नव्हते, पण संघ त्यांचा होता, आणि दोन आठवड्यांत तो आप्पांचाही झाला. आप्पांनी खेळ कबड्डीच्या हिशेबाने समजून घेतला. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, अडवणाऱ्याने पकड करायची, इथवर ठीक होतं. "आणि पुढे गेला की परत यायचं नाही? दमही धरायचा नाही?" असं त्यांनी मला अविश्वासाने विचारलं होतं. "मग यात भ्यायचं काय?"

त्यांचा सगळा राग त्या संघाच्या क्वार्टरबॅकवर होता. सगळ्या चाली ज्याच्या हातून सुरू होतात, तो हा गडी. चेंडू हातात आला की तो दोन पावलं मागे सरकतो. धिप्पाड पोरं त्याच्याभोवती कडं करतात. त्या कड्यातल्या जागेला पॉकेट म्हणतात. आप्पा तिला खिसा म्हणायचे. त्या खिशात उभा राहून तो इकडेतिकडे बघतो आणि लांब कुणाकडे तरी चेंडू फेकतो. आमचा क्वार्टरबॅक उंच होता, पायाने चपळ होता, पण पळायचं नावच काढायचा नाही. फेकायचा, नाहीतर तिथेच आडवा व्हायचा.

एका शनिवारी आमची बेल वाजली. दारात शेजारी, मागे लालबुंद झालेले आप्पा. दोघांचं इंग्रजी-मराठी-हातवारे सगळं संपलं होतं आणि मी दुभाषी म्हणून हवी होते. मी कणीक मळत होते. तशीच गेले.

"तुझ्या वडिलांना सांग," शेजारी म्हणाले, "तो पळाला तर कुणीतरी त्याला मोडून ठेवेल. मग उरलेला मोसम काय करायचं? बाकीचे दहाजण कशाला आहेत?"

"त्याला सांग," आप्पा म्हणाले, "डावीकडे मैदान मोकळं पडलंय. गाय चरून जाईल इतकं मोकळं. आणि हा खिशात उभा राहून पत्ता शोधतोय. ज्याच्या हातात आहे त्यानं जायला नको?"

मी दोन्हीकडचं सांगितलं. वर माझ्या पदरचं घातलं की मला शेजाऱ्यांचं पटतंय, एवढ्या महत्त्वाच्या माणसाने जिवाला जपलंच पाहिजे.

"तू भाषांतर कर," आप्पा म्हणाले. "पंचगिरी करू नकोस."

मला राग आला आणि बरंही वाटलं. कितीतरी महिन्यांनी ते माझ्यावर ओरडले होते.

पुढच्या सोमवारी ऑफिसात माझा फोन वाजला. काका होते, मिरजेहून. काका कधी ऑफिसात फोन करत नसत.

"अगं, तिकडं नेऊन हे काय लावलंयस त्याला?" काका म्हणाले. आवाज इतका हळू, जसं काही अख्खी मिरज ऐकतेय. "आयुष्यात ज्यानं सुपारी खाल्ली नाही, तो माणूस दर शनिवारी शेजाऱ्याबरोबर बसतो म्हणे."

"हो, बसतात. मग?"

"मग? चार क्वार्टर संपल्याशिवाय उठत नाही म्हणाला. चार! स्वतः सांगत होता काल फोनवर, कसली लाज नाही. वर म्हणतो, क्वार्टर हातात आली की नुसतं उभं राहू नये."

मला कळायला क्षणभर वेळ लागला. सामन्याचे चार भाग, त्यांना क्वार्टर म्हणतात. क्वार्टरबॅकचाही आप्पांनी नुसता क्वार्टर करून टाकला होता. आणि मिरजेत क्वार्टर एकाच गोष्टीला म्हणतात, ती बाटलीत मिळते. मी काकांना खेळ समजावून सांगितला. त्यांचा विश्वास बसला नाही. "तू पोरगी आहेस, तू झाकणारच," असं म्हणाले. "पण वहिनी गेल्यावर तो असा वाहवत जाईल असं वाटलं नव्हतं. पाठवून दे त्याला. इथं आम्ही बघू."

मी संध्याकाळी जेवताना हे सगळं सांगितलं, काकांचा आवाज काढून. माझा नवरा हसून हसून खुर्चीवरून घसरायला आला. "यार, काकांना सांगायला पाहिजे, बरोबरी झाली तर ओव्हरटाइम पण असतो," म्हणाला. आणि आप्पा हसले. आधी नुसते खांदे हलले, मग ठसका लागला, मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पंच्याने डोळे पुसत ते म्हणाले, "हे हिला सांगितलं पाहिजे. ती तर…"

मी ताकाचं भांडं उगाच पुढे केलं. तेव्हाच मी मनात पक्कं केलं की यांना आता कुठेही पाठवायचं नाही. इथे हसले ना, मग इथेच राहतील.

ऑक्टोबरच्या शेवटी थंडी पडली, आणि आमचा क्वार्टरबॅक पळाला. त्या दिवशी शेजाऱ्यांच्या घरात रंगकाम चाललं होतं, म्हणून सामना आमच्याकडे होता. मी पोहे केले होते. शेजाऱ्यांनी मिरची वेचून बाजूला काढली आणि दोन बशा खाल्ले. आमचा संघ मागे पडला होता, वेळ थोडा उरला होता. त्या पोराने चेंडू घेतला, मागे सरकला, इकडेतिकडे बघितलं. आणि काय मनात आलं कुणास ठाऊक, डावीकडच्या मोकळ्या जागेतून सुटला. आप्पा उठून उभे राहिले. शेजारीही उभे राहिले, पण कपाळाला हात लावून. सात-आठ यार्ड गेला असेल, तोच दोघे त्याच्या अंगावर पडले. तो उठला नाही. त्याला खांद्याला धरून बाहेर न्यावं लागलं, आणि सामना आम्ही हरलो.

"सांग त्यांना," शेजारी मला म्हणाले. आवाजात चीड नव्हती, वाईट वाटत होतं. "मी हेच म्हणत होतो."

मी सांगितलं. आप्पांनी मान डोलावली. "बरोबर आहे त्याचं," म्हणाले. मग टीव्हीकडे बघत म्हणाले, "पण पडला तो पुढं पडला. खिशात नाही पडला."

हे मी भाषांतर करून सांगितलं तेव्हा शेजाऱ्यांनी नुसतं हुं केलं आणि आप्पांच्या पाठीवर थाप मारून घरी गेले.

त्याच आठवड्यात आप्पांनी माझ्या नवऱ्याला विचारलं, "जावईबापू, तिकीट अलीकडचं करून मिळतं का?"

मी स्वयंपाकघरातून ऐकलं आणि हातातला झारा घेऊनच बाहेर आले. मी तापट आहे, ते मला आप्पांकडूनच मिळालंय. विचारलं, काय कमी पडलं इथे? काकांनी कान भरले का? लोक काय म्हणतील, लेकीच्या घरी किती दिवस राहायचं, हेच ना?

"ते थोडं आहेच," आप्पा म्हणाले. "पण तेवढंच नाही. त्या घरात मला एकदा एकट्यानं शिरून बघायचंय. तू कुलूप लावलंस, मी बाहेर उभा होतो. जितके दिवस इथं राहीन तितकं ते दार अवघड होत जाईल."

"तिथे तुम्हाला चक्कर आली तर? कोण बघणार? इथे आम्ही दोघं आहोत, डॉक्टर आहे, शेजारी आहेत. सगळं सोडून असं पळून जायचं?"

"पळून जायचं नाही, पळायचं," आप्पा म्हणाले. "दोन्ही वेगळं आहे, बाई. तू मराठी शाळेत शिकलीस."

मी गप्प झाले नाही. तासभर भांडले. शेवटी नवरा म्हणाला, "अगं, रिलॅक्स. ते लहान नाहीयेत. तू त्यांना प्रोटेक्ट करतेयस, ओके, पण किती?" त्याच्याशीही भांडले. मग त्याने तिकीट अलीकडचं करून आणलं, आणि मी दोन दिवस दोघांशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी आप्पांना वरण-भात करायला शिकवला. आप्पा शेगडीपुढे उभे राहून कुकरच्या शिट्ट्या बोटांवर मोजत होते, मी फोडणी दाखवत होते, आणि मला एकाच वेळी हसूही येत होतं, रडूही.

निघायच्या दिवशी शेजारी आले. त्यांनी आपल्या संघाची लोकरीची टोपी आप्पांच्या डोक्यावर चढवली. मिरजेत ती कधी घालणार होते देव जाणे, पण आप्पांनी ती विमानतळापर्यंत काढली नाही.

विमानतळावर मी व्हीलचेअर सांगून ठेवली होती. आपल्याकडचे सगळेच सांगतात. आईवडिलांचे पाय धड असतात, पण इंग्रजीची पंचाईत, मध्ये विमान बदलायचं असतं, आणि व्हीलचेअर असली की माणूस हरवत नाही. ढकलायला आलेल्या बाईने खुर्ची पुढे केली. आप्पांनी खुर्चीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, "आप्पा, माझ्यासाठी बसा."

"तुझ्यासाठी पिशवी बसवतो," ते म्हणाले, आणि खांद्यावरची कापडी पिशवी त्यांनी खुर्चीत ठेवली. बाईने माझ्याकडे बघितलं. मी तिला पुढे जायची खूण केली. आप्पा तपासणीच्या दाराकडे निघाले, हात हलवत, पीटीच्या मास्तरच्या चालीने, डोक्यावर ती टोपी. मागून ती बाई पिशवीला ढकलत जवळजवळ धावत होती. त्यांनी वळून बघितलं नाही. मला त्यांचा राग येत होता, त्यांची काळजी वाटत होती, आणि त्या गर्दीत त्यांच्यासारखा देखणा माणूस दुसरा नव्हता. नवऱ्याने माझा हात धरून ठेवला होता, नाहीतर मी रांगेच्या दोरीखालून आत शिरले असते.

पोहोचल्यावर त्यांनी काकांच्या घरून दोन शब्दांचा फोन केला आणि ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी मी कॉलिंग कार्ड घेऊन मिरजेच्या घरचा नंबर लावला. तो नंबर मी घराला कुलूप लावल्यापासून फिरवलाच नव्हता. बरीच रिंग वाजली. मग आप्पांनी उचलला.

"आत गेलात?" मी विचारलं.

"गेलो. धूळ फार होती. झाडून काढली."

"काकांकडे जेवलात ना?"

"नाही. घरीच केलं. वरण जरा पातळ झालं." कुठेतरी सायकलची घंटा ऐकू आली. "सवयीनं दोन ताटं घेतली गं मी. मग एक परत ठेवलं."

"मग?" मी विचारलं.

"मग काय," आप्पा म्हणाले, "जेवलो."